अड्डा रिकामा ठेवायचा न्हाय

अंथुर्णे नाका
६ नोव्हेंबर २०२५

ती. जयवंता आत्या,

नमस्कार. हे पत्र जालिंदरच्या गाडीतून पाठवतो आहे. काचेपुढे ठेवू नको, वरच्या खिशात ठेव, असं त्याला दोनदा सांगितलं आहे. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि तोंडी निरोप दिला तर तो तुमच्याआधी काटेवाडी नाक्यावरच्या संभाजीदादाला कळतो. म्हणून लिहितो.

सोमवारपासून आपल्या मिनीबसच्या संस्थेने मला अंथुर्ण्याच्या नाक्यावर गाड्या सोडायला बसवलं. पत्र्याची शेड, एक खुर्ची आणि शिट्टी. बारावीला दोनदा आपटलेल्या पोराला खुर्ची मिळाली म्हणून आईने नारळ फोडला. मला मात्र झोप लागत नाही.

नवी पद्धत तुम्हाला ऑफिसच्या अद्वयसाहेबांनी समजावली असेलच. तरी मला ती नीट कळली आहे का, हे बघण्यासाठी लिहून काढतो. चुकलं तर सांगा. आजवर बारामतीचं ऑफिस फोन करायचं, गाडी सोडा, गाडी थांबवा. पण कारखाने सुरू झाले आणि उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले की ऑफिसचं वेळापत्रक कागदावरच राहतं. आपल्या तीन-तीन मिनीबस एकामागोमाग येतात आणि मग तासभर एकही येत नाही. म्हणून आता ऑफिस कुणाला काही सांगणार नाही. काटेवाडी, अंथुर्णे, इंदापूर, ज्याने त्याने आपल्या नाक्यावरची गाडी स्वतः ठरवून सोडायची. पुढे गेलेली गाडी कुठवर गेली असेल आणि मागची कुठवर आली, एवढंच बघायचं. आपली गाडी त्या दोघींच्या मधोमध राहिली पाहिजे. संक्रांतीपर्यंत असं करून बघायचं, नाही जमलं तर परत फोन.

अद्वयसाहेब म्हणाले, "वरून कुणी बघायची गरजच नाही. प्रत्येकाने आपल्या शेजारच्याचं सांभाळलं की सगळा रस्ता आपोआप सांभाळला जातो."

ऐकायला बरं वाटलं. पण आत्या, पूर्वी गाडी उशिरा गेली तर चूक ऑफिसची असायची. आता माझी. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारतो, "जाऊ का?" आणि मी रस्त्याकडे बघत बसतो. कुणीतरी सांगावं आणि मी हात हलवावा, एवढं काम मला जमलं असतं.

तुम्ही इंदापूरच्या नाक्यावर कसं ठरवता?

तुमचा,
ऋषिराज


इंदापूर
९ नोव्हेंबर

चि. ऋषिराज,

आशीर्वाद. पत्र मिळालं. जालिंदरनं खिशात ठिवलं व्हतं, घामानं भिजलंय पर वाचता आलं. तुझं अक्षर सुपारीवानी गोल हाय. बालवाडीत पाटी तीनदा पुसायचास, तसाच ऱ्हायलास.

मी कशी ठरवती म्हणतोस. समोरनं आलेला डायवर हाताच्या खुणंनं सांगतो, मागं गाडी हाय का न्हाय, ट्रॅक्टर कुठं आडवा हाय. मग मी माणसं बघती, रस्ता बघती आन् मान हलवती. त्यात काय एवढं.

एक मातुर पाळायचं. अड्डा रिकामा ठेवायचा न्हाय. माझं मालक, तुझं मामा, वडापची म्हंजी माणसं भरून न्यायची जीप चालवत तवापासनं ही रीत हाय. अड्ड्यावर दोन गाड्या असल्या की एक सोडायची. एकच उरली की दुसरी आत येईस्तवर तिला हालू द्यायची न्हाय. रिकामा अड्डा दिसला की दुसऱ्याची जीप येऊन आपल्या जागंवर उभी ऱ्हायची आन् मग दिवसभर भांडणं. चूल रिकामी ठिवत न्हाईत तसा अड्डाबी रिकामा ठिवत न्हाईत.

आन् ही नवी पद्धत मला लई ग्वाड लागली, खरं सांगती. फोन व्हता तवा ऑफिसवाला बोलायचा, मी नुसतं व्हय व्हय म्हणायची, आन् मग पोरास्नी इचारायची, काय म्हणला रं त्यो? संक्रांतीनंतर फोन परत आला तर मला घरी बसवतील. कान गेल्यालं माणूस फोनवर कशाला ठिवतील?

घरी सून चांगली हाय. जेवायला वाढती, औषध देती. पर मला कुणी काय इचारत न्हाय. आयकू येत न्हाय म्हणून इचारायचंच सोडलं. हितं डायवर म्होरं येऊन हातानं इचारतो, जाऊ का? मी मान हलवली की मग गाडी हालती. एवढंच हाय बग माझं.

तर तू घाबरू नगं. मान हलवायला शीक.

आत्या


अंथुर्णे नाका
२० नोव्हेंबर

ती. आत्या,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. रोज लिहायला घेत होतो आणि रोज काहीतरी यायचं.

इकडे ठीक आहे. बारामतीकडची बाजू चांगली चालली आहे. काटेवाडीचा संभाजीदादा गाडी सोडतो आणि मी इकडून सोडतो, आमचं अंतर बिघडत नाही. तुमच्या बाजूने मात्र गाड्या उशिरा येतात असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही, लोक म्हणतात. तुमच्या-माझ्या मधल्या निमगाव केतकीची माणसं रस्त्यावर ताटकळतात.

तुमची तब्येत बरी आहे ना? तिथे गर्दीत सारखे हॉर्न वाजत असतील, आणि एका वेळी दोन-तीन गाड्या आल्या तर कोणती कधी आली हे ध्यानात ठेवणं कुणालाही जड जाईल. मलाही जातं. मदतीला एखादी बाई मिळाली तर बरं पडेल का? संस्थेला मी सुचवू शकतो. तुम्ही नाही म्हणालात तर सुचवणार नाही.

राग मानू नका. मी हे वाक्य चार वेळा लिहून खोडलं आहे.

ऋषिराज


इंदापूर
२२ नोव्हेंबर

ऋषिराज,

तू लिहिलंस "कुणालाही जड जाईल". हे कुणालाही म्हंजी मीच ना? माजं कान गेल्यात, डोळं न्हाय गेलं. हॉर्न आयकायला कशाला लागतोय? गाडी केवढी थोरली असती, दिसती की!

संभाजीनं तुझ्या कानात फुंकलं आसंल. त्याला म्हणावं, त्याच्या बापाला जीप मागं घ्यायला मी शिकवली, मी शिट्टी मारायची आन् त्यो खांबाला धडकवायचा.

उशीर का व्हतो त्ये सांगती, नीट वाच. तुझ्याकडनं गाड्याच येत न्हाईत. मी डोळं लावून बसती. सकाळच्या दोन-चार गाड्या गेल्या की माझ्याकडं एकच उरती. तिला सोडली तर अड्डा रिकामा. म्हणून मी धरून बसती. डायवर च्या पितो, माणसं मला बोलत्यात, मला आयकू येत न्हाय म्हणून त्यास्नी वाटतं मला कळत न्हाय. त्वांड बघून कळतं रं.

तू का थांबवतोस गाड्या? तुला भ्या कशाचं वाटतं?

मदतीला बाई नगं. बाई आली की म्हैन्याभरात ती खुर्चीवर आन् मी खाली.

आत्या


अंथुर्णे नाका
३ डिसेंबर

ती. आत्या,

नमस्कार. काल जे झालं ते तुम्हाला ड्रायव्हरकडून कळलं असेल. पण त्यातलं अर्धं फक्त मला माहीत आहे.

निमगाव केतकीचे गेणबा तात्या आहेत ना, पानमळेवाले, ते काल सकाळी विड्याच्या पानांच्या करंड्या घेऊन रस्त्यावर उभे होते. बारामतीत पानांचा लिलाव लवकर उरकतो. मोठ्या बसमध्ये त्यांच्या ओल्या करंड्या चढवू देत नाहीत, म्हणून ते आपल्याच गाडीने जातात. काल उसाची ट्रॉली लासुर्ण्याजवळ कलंडली होती, त्यामुळे आधीच गाड्या कमी. तुमच्याकडे एक होती, माझ्याकडे एक होती. आणि मधल्या सगळ्या रस्त्यावर एकही नव्हती. तासाच्या वर नव्हती.

तुम्ही तुमची धरून बसला होतात, कारण माझी आली नव्हती. मी माझी धरून बसलो होतो, कारण तुमची आली नव्हती.

आत्या, माझं कारण ऐका. अगदी सुरुवातीला संभाजीदादा म्हणाला होता, "आत्यांना हॉर्न ऐकू येत न्हाय, दोन गाड्या एकदम गेल्या की त्यांचा घोटाळा व्हतो." मला वाटलं, तुमच्यावर बोल येऊ नये. म्हणून मी मनाशी ठरवलं, तुमच्याकडून एक गाडी इकडे आली की मगच तिकडे एक पाठवायची. म्हणजे तुमच्याकडे कधी गर्दी होणार नाही. नियमात हे कुठेच नव्हतं. मी कुणाला सांगितलंही नाही, तुम्हालाही नाही. तुम्ही अड्ड्याची रीत पहिल्याच पत्रात लिहिली होतीत. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं, पण ती रीत आणि माझी युक्ती एकमेकींसमोर येऊन उभ्या राहतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

गेणबा तात्या लिलाव संपल्यावर बारामतीत पोचले. पानं उन्हाने काळी पडली होती. ते सरळ ऑफिसात गेले आणि एक अख्खी करंडी टेबलावर उपडी केली. म्हणाले, "खा आता! समद्यांनी मिळून खावा! चुना मी देतो!"

आणखी एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नव्हती. तुमच्या नाक्यावर लक्ष ठेव आणि कळव, असं मला अद्वयसाहेबांनी सांगितलं होतं. मी काही कळवलं नाही. पण तुम्हालाही कळवलं नाही.

रविवारी, चौदा तारखेला बारामतीत सभा आहे. संक्रांतीपर्यंत थांबणार नाहीत. इंदापूरचा नाका आताच ऑफिसने फोनवर चालवायचा आणि तिथे दुसरं माणूस बसवायचं, असं चाललं आहे. सगळ्यांनी तुमचंच नाव धरलं आहे. माझं कुणी घेतलेलं नाही. सभेत उठून बोलेन असं वचन मला देववत नाही. चार माणसांत उभं राहिलं की मला पाठ केलेलंही आठवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही सभेला येऊ नका. उगाच त्रास होईल.

ऋषिराज


इंदापूर
६ डिसेंबर

ऋषिराज,

माझी काळजी करून मलाच बुडवलंस.

लई राग आला. पत्र फाडणार व्हते. मग वाटलं, माझ्यासाठी गाडी अडवून धरणारं दुसरं हाय तरी कोण? तुझ्यावर वरडावं तर तू समोर न्हाईस आन् माझा आवाज मलाच आयकू येत न्हाय. म्हणून लिहिती.

पर एक ध्यानात ठिव. माणसाला सांभाळायचं आसंल तर त्याला सांगून सांभाळावं. न सांगता सांभाळायला मी काय म्हैस हाय का?

सभेला मी येणार. माझा नाका काढत्यात आन् मी घरी बसू व्हय?

आत्या


अंथुर्णे नाका
१५ डिसेंबर

ती. आत्या,

नमस्कार. काल सभेत तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. काय काय बोललं गेलं ते तुम्हाला ऐकू आलं नसणार. परत जाताना गाडीत सांगता आलं असतं, पण मला ओरडून सांगायचं नव्हतं. म्हणून जसं झालं तसं लिहितो.

आधी तुमच्या येण्याचं. तुम्ही इंदापूरची एकुलती एक गाडी घेऊन, अड्डा मोकळा टाकून आलात. अंथुर्ण्याला ती थांबली तेव्हा जालिंदर मला हळूच म्हणाला, "म्या इचारलं, आत्या, अड्डा रिकामा ऱ्हातोय की! तर पदर खोचला आन् म्होरल्या शीटवर बसल्या." तुमच्या शेजारी बसून मी बारामतीपर्यंत आलो आणि सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिलो, त्याबद्दल क्षमा असावी.

सभा अध्यक्ष दत्तोपंतांनी सुरू केली. गेणबा तात्या पहिले बोलले. "माझी पानं काय तुमच्या प्रयोगासाठी लावली हायत व्हय? आदी फोन व्हता तवा गाडी उशिरा का व्हईना, यायची. आता कोण कुणाला इचारत न्हाय. कुणाचा तरी नाका काढा, न्हायतर आमी निमगावकर तुमच्या गाडीत पाय ठिवणार न्हाय."

मग संभाजीदादा. "म्हातारीला हॉर्न आयकू येत न्हाय, समद्या रस्त्याला ठावं हाय. आमी आजवर भीडंपोटी गप बसलो." तेव्हा तो तुमच्याकडे बघून हसला होता. तुम्हीही हसलात. त्याचं हसू चांगलं नव्हतं.

दत्तोपंत म्हणाले, "जयवंताबाईंनी फार वर्षं काम केलं. आता त्यांना विश्रांती देऊ. शाल, श्रीफळ देऊन, मानाने." आणि त्यांनी तुमच्याकडे बघून हात जोडले. आत्या, तेव्हा तुम्ही मान हलवलीत. ते नमस्कार करतायत असं वाटून हलवली असणार. पण सगळ्यांना वाटलं, तुम्ही हो म्हणालात. दत्तोपंत म्हणाले, "बघा, किती मोठं मन." टाळ्या वाजल्या. तुम्ही सगळ्यांकडे वळून बघत होतात, टाळ्या कशाच्या म्हणून.

मी त्या टाळ्यांमध्ये उठलो. ठरवून नाही. बसून राहवलं नाही, एवढंच. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणालो, "गाडी मी अडवली होती. आत्यांनी नाही." मग पुढचं सगळं सांगितलं, दोन गाड्या, दोन नाके, तुमची रीत आणि माझी युक्ती. संभाजीदादा म्हणाला, "आत्याला वाचवतोय त्यो." मी म्हणालो, "वाचवायला गेलो म्हणूनच झालं."

मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. मी अद्वयसाहेबांना म्हणालो, "साहेब, तुमच्या मोबाईलवर सगळ्या गाड्या दिसतात. त्या दिवशी काय दिसत होतं ते सांगा." त्यांनी मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "दिसत होतं. दोन्हीकडे एकेक गाडी उभी होती. मला वाटलं, आत्ता सुटेल. वरून सांगायचं नाही हा नियम मीच केला होता. मी सांगितलं असतं तर नियमाला काय अर्थ राहिला असता?"

गेणबा तात्यांनी कपाळाला हात लावला. "म्हंजी समद्यांस्नी ठावं व्हतं, फकस्त माझ्या पानांस्नी ठावं नव्हतं."

हसले सगळे. त्यानंतर आवाज खाली आले. दत्तोपंत म्हणाले, तात्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागेल, कुणाचा तरी नाका काढावाच लागेल. तो माझा काढला. आत्या, इंदापूरला तुम्हीच राहणार, पद्धत तीच राहणार. मागेपुढे बघायचं आणि मधोमध सोडायची. अंथुर्ण्याला मात्र उद्यापासून ऑफिसचा फोन येईल. खुर्ची माझीच आहे. ऑफिस सांगेल, मी हात हलवीन.

शाल आणि श्रीफळ आधीच आणलेलं होतं, ते गेणबा तात्यांना दिलं. नारळ त्यांनी घेतला, शाल परत केली.

पहिल्या पत्रात मी हेच मागितलं होतं. कुणीतरी सांगावं आणि मी हात हलवावा. आता मिळालं आहे. फार थकल्यासारखं झालं आहे.

ऋषिराज


इंदापूर
१८ डिसेंबर

चि. ऋषिराज,

तुझं पत्र सुनंला मोठ्यानं वाचायला लावलं, मला आयकू येत न्हाय तरी. तिला कळू दे म्हणून.

मला आयकू आलं न्हाय पर दिसलं. तू उठलास तवा म्होरची खुर्ची आशी गच्च धरलीस की म्या म्हणलं, आता खुर्चीसकट पडतोय. संभाजीचं हसू मला कळलं व्हतं. म्या हसले त्ये आपलं, दात कुणाचं जास्त हायत ते दाखवायला. टाळ्या मातुर कळल्या न्हाईत. शालीसाठी मान हलवली म्या! आता हसू येतंय, तवा कळलं आसतं तर तितंच जीव गेला आसता.

आन् अड्ड्याचं सांगती. सभंवरनं मागारी आले तर वाटलं, कुणाची तरी गाडी आपल्या जागंवर उभी आसंल. एकबी न्हाय. शेळगावच्या दोन बाया माझ्या खुर्चीपाशी पिशव्या ठिवून बसल्या व्हत्या, म्हणल्या, "आमी राखत व्हतो." जीपवालं समदं कवाच गेलं, वडापबी संपलं, आन् मी एवढी वर्षं कुणासाठी अड्डा राखत व्हते, द्येव जाणे. परवापासनं एकच गाडी आसली तरी सोडती. रिकाम्या जागंकडं बघवत न्हाय, म्हणून मी त्वांड रस्त्याकडं करून बसती.

तुला फोन बसवला. बसवू दे. पर फोनवाल्याला रस्ता दिसत न्हाय, तुला दिसतो. माझ्याकडची गाडी तुझ्याकडं आली की डायवर तुलाच इचारणार, जाऊ का? त्यो फोनला न्हाय इचारणार. तू काय करायचं त्ये मी सांगत न्हाय. कान माझं गेल्यात, मान तुझी हाय.

ज्यवत जा येळच्या येळी.

आत्या


अंथुर्णे नाका
२ जानेवारी २०२६

ती. आत्या,

नमस्कार. थोडक्यात लिहितो, गाडी उभी आहे.

आज सकाळपासून ऑफिसचा फोन तीनदा आला आणि तिन्ही वेळा "थांबव" म्हणाला. आता तुमच्याकडून गच्च भरून आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने खुणेने सांगितलं की निमगावला माणसं उभी आहेत आणि मध्ये एकही गाडी नाही. गेणबा तात्याही तिथे आहेत म्हणे, करंड्यांवर ओलं पोतं टाकून. जालिंदर इंदापूरला पोचल्यावर तिथून गाडी लगेच सुटली, तर तात्यांना लिलाव गाठता येईल. ती सुटेल का ते मला माहीत नाही. ते तुम्ही बघाल.

जालिंदर खिडकीतून डोकं काढून विचारतोय, "जाऊ का?" फोन समोर आहे. अजून वाजलेला नाही. वाजेपर्यंत हे पत्र संपवून त्याच्या हातात देतो आणि मान हलवतो.

हे तुमच्या हातात पडलं तर समजा, हलवली.

ऋषिराज